यादीतलं सतरावं नाव

प्रिय मास्तर,

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगाधिकारी वाचेल. नियम माझ्याच खात्याचा, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करू? वाचू दे बापडा. तुझी आई गेल्याची तार तुला गुरुवारीच मिळाली असेल. तारेत जे मावलं नाही ते लिहायला बसलोय. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील. लाल पेन्सिल तिथे देत नाहीत हे मला माहीत आहे, मनातल्या मनात खुणा कर.

आज शनिवार, कचेरीत कुणी नाही. समोर भिंतीवर आधीच्या मंत्र्यांच्या तसबिरी आहेत आणि माझ्यासाठी एक खिळा आत्तापासूनच ठोकून ठेवलाय. कालपासून मला सारखं आईचं ते शिवणयंत्र ऐकू येतंय. तुमच्या मागच्या खोलीत आपण पत्रकं छापायचो आणि आपल्या यंत्राची खडखड बाहेर जाऊ नये म्हणून ती पुढच्या खोलीत सुईत दोरा न ओवता तासन्‌तास पाय मारत बसायची. शेजारणीनं विचारलं, एवढे कपडे कुणाचे हो शिवताय? तर म्हणाली, लग्न आहे. कुणाचं? तर म्हणे, ते अजून ठरायचंय! आपण दोघं आत तोंडात बोळे कोंबून हसत होतो. मी तेव्हा इतका वाळका होतो की तिनं मला काडी म्हणायला सुरुवात केली. आता मला काडी म्हणणारं कुणी उरलं नाही. सगळे साहेब म्हणतात, आणि पोट पाहता तेच बरोबर आहे.

मग आपण पकडले गेलो. चौदा महिने, एक कोठडी, चौकशी नाही की खटला नाही. परकं राज्य गेल्यावर मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा गावोगाव तूच माझ्यासाठी घसा फोडलास. हा माणूस चौदा महिने माझ्या शेजारी झोपलाय, घोरतो, पण खोटं बोलत नाही, असं तू सांगायचास आणि लोक हसून मतं द्यायचे. मी मंत्री झालो. तू शाळेत परत गेलास आणि शिक्षकांची संघटना बांधलीस. दोन वर्षांनी तोच स्थानबद्धतेचा कायदा नवं नाव घेऊन सभागृहात आला आणि तो मांडायचं काम माझ्याकडे आलं. तू गॅलरीत बसला होतास. हा फक्त साठेबाजांसाठी आणि दंगलखोरांसाठी आहे, असं मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, मास्तर. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

शिक्षकांच्या संपात एक्केचाळीस नावांची यादी माझ्या टेबलावर आली. सतरावं तुझं. मी उठून मुख्यमंत्र्यांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "एक नाव गाळलंत तर उरलेल्या चाळीस घरांना काय सांगाल?" खरं उत्तर, की सगळीच एक्केचाळीस गाळा, ते जिभेवर आलंच नाही. राजीनामा लिहायला घेतला, तारीख घातली, पुढे हात चालेना. मी गेलो तर दुसरा येईल, तो माझ्याहून वाईट असेल, असं मी स्वतःला समजावलं. प्रत्येक जण असंच समजावत असणार. सही केली.

पुढच्या आठवड्यात आई कचेरीत आली. मला निरोप न पाठवता सरळ लोकांच्या रांगेत बसली. चिठ्ठीवर कामाचं स्वरूप लिहायचं असतं, तिथे तिनं लिहिलं होतं, मुलगा. कारकुनाला वाटलं मुलाला नोकरी हवी असेल, त्यानं तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथून परत इकडे. दुपारी आत आली. मी उठून उभा राहिलो. ती खुर्चीत बसलीच नाही.

"सही तूच केलीस?"

हो म्हणालो.

"वाचून केलीस?"

हो म्हणालो.

"मग असू दे. मला वाटलं, न वाचताच केलीस." आणि गेली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत धावलो, पण शिपाई सलाम ठोकत उभे होते. त्यांच्यादेखत काय बोलणार?

गेल्या सोमवारी तुझा पॅरोलचा अर्ज आला. आई आजारी, तीन दिवस सोडावं. मी लेखणी उचलली. सचिव म्हणाले, "साहेब, कैद्याचे आणि आपले संबंध सर्वांना ठाऊक आहेत. आपण स्वतः मंजूर करणं बरं दिसणार नाही. वर पाठवू या." तुला आत टाकताना हे संबंध कुणाला आठवले नव्हते. पण त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं आणि मी कागद वर पाठवला. मुख्यमंत्री दौऱ्यावर. मंगळवारी फोन केला, बुधवारी सकाळी पुन्हा केला. एवढा मोठा मंत्री, आणि फोनवर एका स्वीय सहायकाच्या हातापाया पडत होतो.

बुधवारी दुपारी तुमच्या घरी गेलो. गाडी कोपऱ्यावर सोडली, गल्लीत शिरत नाही. आई खिडकीखाली निजली होती, अंगात सणसणून ताप. डॉक्टर बाहेर येऊन नुसती मान हलवून गेला. मी उशाशी बसलो. तिनं डोळे उघडले, माझा हात चाचपला आणि म्हणाली, "आलास?" मी म्हणालो, आलो. "सोडलं का रे तुला?" तेव्हा मला कळलं की ती मला तू समजतेय. मी म्हणालो, हो, सोडलं. मग म्हणाली, "सही कुणी केली?" मी म्हणालो, काडीनं. तिचा चेहरा असा उजळला, मास्तर, की मला बघवेना. "वाटलंच मला," म्हणाली, "पोरगं वाईट नाही ते."

त्यानंतर दुसऱ्या दुपारपर्यंत ती होती आणि येईल त्याला हेच सांगत होती. मास्तर येऊन गेला, काडीनं सोडवला. शेजारीण त्या वेळी बाजारात होती, तिनं ते खरं मानलं. शुक्रवारी, आईला पोचवून परतताना, शेजारणीनं माझे हात धरून आभार मानले. गल्लीतली माणसं मला वाट करून देत होती. आई खोटी ठरू नये म्हणून गप्प राहिलो की ते आभार मला हवे होते, हे कालपासून मला ठरवता येत नाही. तुझ्या पॅरोलची मंजुरी काल संध्याकाळी आली. त्याच पाकिटातून हे पत्र पाठवतोय, कारण तू घरी पोचलास की शेजारीण पहिलं हेच विचारेल, "बुधवारी आलास तेव्हा भेटला का नाहीस?" काय सांगायचं ते तू ठरव. मला ते जमत नाही.

तुझाच,
काडी