लेम्युएलमामाच्या पावलांचा आवाज

लॉस एंजेलिस,
८ मार्च १९३६

प्रिय आई,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. मामाचा गुडघाही बरा आहे, निदान तो तसं म्हणतो. तुझ्या पाठीचं दुखणं कसं आहे?

काल मामाने मला स्टुडिओत नेलं. बुटांच्या पत्र्यांनी ताल वाजवणारा त्याचा टॅप नाच पाहून दिवे धरणारेही टाळ्या वाजवू लागले. पण त्या प्रसंगात नायक-नायिका नव्हतेच. मी कारण विचारलं.

"पदवीवाल्या बाई," मामा म्हणाला, "आमचा तुकडा मुद्दाम सुटा ठेवतात. तिकडे आपल्या दक्षिणेत कुणाला काळी माणसं नको असली, तर कापून टाकायचा. गोष्ट अडत नाही."

म्हणजे तू आपल्या काळ्या लोकांसाठी ठेवलेल्या गॅलरीचा जिना चढून भावाला बघायला जाशील आणि तो दिसणारच नाही.

दुपारी मात्र एक नवल पाहिलं. पडद्यावर गोरी नायिका नाचत होती, पण आवाज नव्हता. समोर मामा लाकडी फळीवर नाचून तिच्या पावलांचा आवाज भरत होता. असं करतात हे तुला ठाऊक होतं?

"बाईंचे पाय देखणे आहेत," तो म्हणाला, "फक्त बोलत नाहीत."

तिचा नाच कोण कापणार, आई? सिनेमा आला की जा. ती नाचू लागली की डोळे मिट. आजीच्या स्वयंपाकघरात तू लहानपणापासून ते पाय ऐकले आहेस. ओळखलेस का, ते मला कळव.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
ऑडेसा