शर्यतीच्या गाडीला हात लावण्याआधी

अहो,

गाडी काढू नका, पाया पडते. शर्यतीसाठी तुम्ही ब्रेकचे कडक पट्टे निवडलेत. ते थंड असताना किंचाळतात, हे सासूबाईंना कुठं ठाऊक! बैलगाडीच्या आसाला पाजतात तसं त्यांनी चारही चाकांच्या फटींत एरंडेल सोडलं. मला कौतुकानं म्हणाल्या, "मन्हा गिरधरनं चाक रडी ऱ्हायनं, म्हनीसन तेल पाजं."

आता ब्रेक धरणारच नाहीत. मी मिस्त्रींना आणायला शहाद्याला पळतेय. मऊ पट्टे घ्या म्हटलं तेव्हापासून तुम्ही माझ्याशी अबोला धरलाय, धरा. बाईंना मात्र रागावू नका, लेकाच्या मायेनंच केलंय त्यांनी.

स्वयंपाकघरातला पाटा ओढत आणून चाकापुढे लावलाय. मी येईपर्यंत गाडीला तेवढाच ब्रेक आहे.

प्रमिला