कोरिनला धडा शिकवण्याचा आठवडा

रविवार, १० ऑगस्ट
आले एकदाची. खोलीत एसी आहे, पण तो फक्त आवाज करतो. अलाबामाच्या ऑगस्टपुढे त्याचं काय चालणार! आईने सगळे ड्रेस एकही सुरकुती न पाडता वर आणले, परत परत मिठ्या मारल्या आणि गेली.

उद्यापासून रश, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबांची भरती. आठवडाभर त्या क्लबांच्या घराघरांत जायचं, गोड बोलायचं, त्याहून गोड थंड चहा प्यायचा. कुणी परत बोलावलं, कुणी कटवलं, ते रोज सकाळी फोनवर कळतं. येत्या रविवारी एका घराचं पाकीट हातात पडतं. मग पूर्ण कॉलेजभर तीच आपली माणसं.

बाकीच्या मुली मैत्रिणी शोधायला आल्यात. मी कोरिन लेडबेटरसाठी आलेय.

कोरिन शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे. चिअर टीमची कॅप्टन. निवडीच्या दिवशी मी सर्वांत उंच उडी मारली. (जवळजवळ सर्वांत.) तिने मला टीममध्ये घेण्याऐवजी मासा केलं. आमच्या शाळेचं चिन्ह कॅटफिश. फोमचा वेश, लांब मिशांचा, आत आदल्या पिढ्यांचा घाम. अख्खा फुटबॉल सीझन मी त्या माशाच्या पोटात. नंतर पदवी घेऊन ती निघून गेली, एक सॉरी नाही.

आता ती खांबवाल्या घरात आहे. पांढरे खांब, रुंद जिना, इथलं सगळ्यांत मानाचं घर. बेत साधा आहे: त्याच घरात शिरायचं, वर्षभरात अध्यक्ष व्हायचं, आणि कोरिनला पार्टीच्या दिवशी फोमच्या वेशात दारात उभं करायचं. वेश कोणता ते ठरलेलं नाही. झिंगा?

रूममेट जूनो पेट्राकिस, ओहायोची. धड एकच ड्रेस आणलाय. रश कशाला करतेस विचारलं, तर म्हणाली, "सगळ्या जातायत म्हटलं. शिवाय त्या घरांमधले एसी चालतात म्हणे." बिचारी.

सोमवार, ११ ऑगस्ट
दारं उघडतात आणि आत मुली एका सुरात किंचाळतात. कान अजून गुणगुणतायत.

खांबवाल्या घरात माझ्या वाट्याला एक सोनेरी केसांची मुलगी आली. तिने विचारलं, सुट्टी कशी गेली? मी म्हटलं, तुमच्याकडे कोरिन लेडबेटर आहे ना? आणि माशाची गोष्ट सांगितली. अगदी खेळकरपणे. वासासकट. ती शेवटपर्यंत हसत होती, पापणीही न हलवता. माझ्यावर भाळली.

कोरिन दिसली नाही. मला खिडकीतून पाहिलं असणार आणि वर जाऊन लपली असणार.

मंगळवार, १२ ऑगस्ट
खांबवाल्यांनी परत बोलावलं! बऱ्याच घरांनी बोलावलं नाही. त्यांना मी झेपले नसते.

आता प्रत्येक घरात कोरिनचा विषय काढते. सहज. तिला इथे कुठेही तोंड दाखवायला जागा उरायला नको. एका घरात तर मी बोलत असताना दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बातमी पोहोचतेय.

पिवळ्या घरानेही बोलावलंय. ते सगळ्यांनाच बोलावतात. लहानसं घर, व्हरांड्यात जुना झोपाळा.

बुधवार, १३ ऑगस्ट
आज एक घोटाळा झाला.

पिवळ्या घरात ओपल फॉन्टेनो नावाची लुइझियानाची एक जाडजूड मुलगी माझ्याशी बोलायला आली. तिला माशाची गोष्ट सांगितली. कोरिनचा भाग तिने ऐकलाच नाही. डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे तू आत होतीस? नाचायचीस? दाखव की!" मी म्हटलं, छे. ती म्हणाली, "अगं, एवढंसं." मग मी एवढंसं दाखवलं. शेपटीचा भाग पण. सगळी खोली थांबली, आणि मग सगळ्या ताल धरून टाळ्या वाजवायला लागल्या, ओपल तर जमिनीवर बसून हसत होती. निघायची वेळ झाली तरी मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर स्वतःचा राग आला. इथे मी सूड घ्यायला आलेय, शेपटी हलवायला नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
खांबवाल्यांनी कटवलं.

उरली दोन घरं. एक पिवळं. दुसरं कुठलं ते आठवत नाही.

रडले नाही. इथल्या दमट हवेत काजळ टिकत नाही.

कोरिननेच केलं हे. वरच्या मजल्यावरून माझ्याविरुद्ध मत टाकलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच!

आईचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेरिट, तुला तिथे कुणी आवडलं का गं?" आईला राजकारण कळत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
रशच्या ऑफिसात जाऊन कोरिनविरुद्ध तक्रार केली. तिथल्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कोरिन लेडबेटरने मत दिलं असणं शक्य नाही, बाळा." का, ते सांगता येणार नाही म्हणे. नियम आहे. म्हणजे ऑफिसही तिच्या खिशात.

ते दुसरं घरही आज गेलं. त्याचं नाव आता आठवलं. त्यांनाही कधीतरी बघून घेईन.

शनिवार, १६ ऑगस्ट
शेवटचा दिवस, फक्त पिवळं घर. आज किंचाळणं नाही. पांढरे कपडे, हळू आवाज. ओपल मला झोपाळ्यावर घेऊन गेली. म्हणाली, "मी पहिल्या वर्षी आले तेव्हा आठवडाभर कुणी माझ्याकडे धड बघितलं नव्हतं. उद्या तू धावत ये. मी पायरीवरच असेन." तिचा आवाज कापत होता. मी थंड चहाचा घोट घेतला आणि ठसका लागला. लिंबाची बी असावी.

पण मी विचार केला. पिवळ्या घरात गेले तर कोरिन जिंकली. खांबांमधून रोज माझ्याकडे बघून हसेल. त्यापेक्षा मीच सगळ्या रशला लाथ मारते. मला कटवता काय? मी तुम्हा सगळ्यांना कटवते!

फोनवर 'माघार' दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. आहे म्हटलं.

आता खांबवाल्या घरात काय धावपळ उडाली असेल!

रविवार, १७ ऑगस्ट
धावपळ उडाली नाही.

सगळ्या मुली मैदानात जमल्या, एकदम पाकिटं फोडली आणि किंचाळत आपापल्या घरांकडे धावल्या. मी झाडाखालच्या बाकावर बसून त्यांच्याकडे तुच्छतेने बघत होते. जूनो तोच एकुलता ड्रेस घालून पिवळ्या घराकडे धावत गेली. ओपल पायरीवर होती. जूनोला मिठी मारून झाल्यावरही ती रस्त्याकडे बघत राहिली. मी झाडामागे सरकले.

तेवढ्यात कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. रशमध्ये नव्या मुलींना मदत करणाऱ्या काउन्सेलरचा निळा शर्ट, घामेघूम, हातभर बाटल्या. कोरिन लेडबेटर.

म्हणाली, "ऊन लागेल गं, पी." मग माझ्याकडे निरखून बघितलं. "आपण कुठे भेटलोय का?"

दोन वर्षं मी या क्षणाची तयारी केली होती. भाषण पाठ होतं. तोंडातून एवढंच आलं, "मी मासा."

ती ओरडलीच. "तो मासा तू? म्हणजे ती मेरिट तूच! अगं, चेहरा कधी दिसायचाच नाही तुझा!" तिथेच बसली. आज बोलण्यावरची बंदी उठली म्हणून सगळं सांगितलं: ती मार्चपासून काउन्सेलर आहे. काउन्सेलरला आपल्या घरात पाऊल टाकता येत नाही, मत तर नाहीच. मग हसत म्हणाली, "आमच्या मुली आत्ता भेटल्या. पहिला प्रश्न हाच, ही मेरिट कोण, माझ्याशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती. त्यांना भीती वाटली म्हणे तुझी."

मी विचारलं, मला टीममध्ये का नाही घेतलंस?

ती गोंधळली. "मी? ते सर ठरवायचे ना."

मग दुसऱ्या मुलींना पाणी द्यायला गेली.

ऑफिसात जाऊन आले. त्याच बाई होत्या. माघार मागे घेता येते का? नाही, बाळा. पुढच्या ऑगस्टमध्ये ये.

संध्याकाळी जूनो परत आली. गालाला पिवळा रंग, आवाज बसलेला. माझ्या पलंगावर एक शर्ट ठेवला. पाठीवर मेरिट असं रंगवलेलं, कडेचे थेंब नीट पुसलेले. म्हणाली, "ओपलने शुक्रवारीच करून ठेवला होता. टाकून द्यायला तिचा जीव होईना. तू का नाही आलीस गं?"

म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न होता.

जूनो आंघोळीला गेल्यावर शर्ट घालून बघितला. अगदी मापात बसतो. उद्या परत करीन.