फळ्यावरचा तीनशे बारा

३ मार्च

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. गुडघ्याला बर्फ लावतेस ना? तुझी आई म्हणते, तू स्पर्धा सोडून क्लबात मुलींना टेनिस शिकवायची नोकरी धरणार. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. माझं डोकंच चालेना. गेल्या वर्षी तुझा जागतिक क्रमांक एकशे चाळीस होता, आता तीनशे बारा! अशी चढती कमान असताना कुणी मैदान सोडतं का? दर सोमवारी नवी क्रमवारी लागली की मी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर तुझा आकडा लिहितो. गणिताच्या बाई बघून नुसत्या खोकतात. मत्सर, दुसरं काय!

शिवाय परवा तू हरलीस आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्पर्धेत पुन्हा खेळलीस, हे कसं? आमच्याकडे नापासाला वरच्या वर्गात बसवत नाहीत.

लोभ आहेच, वाढवायचं काम तुझं.
तुझा मामा

९ मार्च

ती. मामांस सा. न.

पात्रता फेरीत हरलेच होते. मुख्य स्पर्धेतल्या एकीचा पाय मुरगळला, म्हणून तिच्या जागी मला घेतलं. तिथेही हरले. म्हणजे दोनदा नापास.

नोकरीचं ठरत नाही. बाकावर बसल्यावर बूट घालायला बसले की काढायला, तेही आठवत नाही. प्रशिक्षक म्हणतात, मनाला विचार. मन म्हणतं, प्रशिक्षकांना विचार.

फळा पुसू नका. लोभ असाच ठेवा.
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काल गणिताच्या बाई खोकायच्या थांबल्या आणि बोलल्या. आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा म्हणे! तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या; आकडा वाढला की आनंद व्हायची खोडच जडली. वर्षभर मी तुझ्या घसरणीचं अभिनंदन करत होतो, आणि तू दरवेळी आभार मानलेस! अगं, बोलली का नाहीस?

आता खेळ म्हणू की नोकरी धर म्हणू? ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द जन्मभर शिकवला, अर्थ काल कळला. डस्टर हातात आहे, फळा तसाच आहे.

लोभ ठेव, म्हणायचीही लाज वाटते.
मामा

७ एप्रिल

ती. मामांस सा. न.

बोलले नाही, कारण सोमवारी सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायचे. तुमचं पत्र तेवढं ओरडत यायचं. ते बंद पडलं असतं.

क्लबाला नकार कळवला. बरोबर केलं का, अजून कळत नाही. त्यानंतरच्या स्पर्धेत चार सामने मात्र जिंकले.

तेव्हा मामा, मन घट्ट करा. तुमच्या हिशेबाने मी घसरले आहे. फळ्यावर दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहा, आणि बाईंना खोकू द्या.

लोभ होताच, तो घसरू देऊ नका.
तुमची भिंगरी