सातवा रकाना

प्रिय चिमणे,

नाही, नाही आणि नाही. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि तेच पुन्हा चार पानं भरून लिहिलंस म्हणून पटणारही नाही. नोकरीला लागून तीन महिने झाले नाहीत, तोवर बाईसाहेब राजीनामा द्यायला निघाल्या! आईला फोनवर विचारलं तर म्हणते, मला विचारू नकोस बाबा, ती शिकलेली आहे. गेली पाच वर्षं आपल्या घरात कशालाही हेच उत्तर. पंखा बंद पडला, ती शिकलेली आहे. मामाशी वाजलं, ती शिकलेली आहे. आता राजीनामा.

शिकलेली तरी काय? कॉलेजात नाव घातलंस तेव्हाच मी विचारलं होतं, अर्धं साहित्य आणि अर्धं गणित, हे कसलं शिक्षण? यातून माणूस डॉक्टर होतो की मास्तर? तू म्हणालीस, दादा, गोष्टी वाचल्या की एक माणूस कळतो, आकडे वाचले की पुष्कळ माणसं कळतात, आणि सरकारी नोकरीत दोन्ही लागतं. इतकं झकास बोललीस की मी पुढच्या सहामाहीची फी भरून मोकळा झालो. इथे खोलीतल्या पोरांना ते वाक्य चारदा ऐकवलं. पोरं म्हणाली, बहीण हुशार दिसते, तू कुणावर गेलास?

आणि त्या शिक्षणाचं तू केलंस काय, ते आता मीच तुला सांगतो. कारण तुझ्या पत्रात सगळा दोष त्या हेडक्लार्कचा आहे आणि तू म्हणजे साक्षात गरीब गाय. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नव्या नळजोडणीच्या खिडकीवर तुला बसवलं. पहिल्याच महिन्यात तू मोजलंस की हजारातले सहाशे अर्ज परत जातात, आणि बहुतेक सगळे एकाच कारणाने. सातवा रकाना, जुन्या जोडणीचा क्रमांक. ज्याच्या घरात नळच नाही तो क्रमांक आणणार कुठून? बिचारा रकाना कोरा सोडतो, अर्जावर ‘अपूर्ण’ असा शिक्का बसतो, माणूस घरी. तिथे नुसतं शून्य लिहिलं की अर्ज मंजूर. हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आणि बाहेरच्या एकालाही नाही. इथवर शाबास. तू मोठ्या अक्षरात तसा कागद लिहून खिडकीजवळ चिकटवलास, तेही शाबास. सही-शिक्क्याशिवाय सूचना लावायची नसते म्हणून हेडक्लार्कने तो फाडला. मग दोन दिवस दम धरायचा की नाही? त्याच्या टेबलाशी जाऊन, साहेब, तुम्हीच सही करा आणि तुमच्याच नावाने लावा, असं म्हणायचं की नाही? तू थेट सगळ्यात वरच्या साहेबांना तीन पानी पत्र धाडलंस, आलेख काढून! शिवाय शेवटी कवितेच्या दोन ओळी! अगं बाई, नळखात्याच्या साहेबाला कविता? ते पत्र वरून फिरून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ त्याच हेडक्लार्कच्या टेबलावर उतरलं. आणि त्याने योग्य ती कार्यवाही केली. तुला तळघरात धाडलं, जुन्या फायलींना दोऱ्या बांधायला.

मी काही मोठा शहाणा नाही. इमारतींभोवती परांची बांधतो, लोखंडी पाइप आणि क्लॅम्प, एवढंच मला कळतं. पण इथे पहिल्या दिवशी मीही तुझ्यासारखाच वागलो होतो. एका म्हाताऱ्या कारागिराचा क्लॅम्प ढिला दिसला, त्याला न सांगता पाना लावून आवळला. क्लॅम्प ढिलाच होता, माझं शंभर टक्के बरोबर होतं. तरी मुकादमाने मला आठ महिने जमिनीवर उभं करून पाइप वर द्यायला लावले. रोज मनात त्या दोघांना शिव्या घालायचो. आता तोच म्हातारा खालून ओरडतो, अरे चढतोच आहेस तर बघ, माझं कुठे ढिलं राहिलंय का. नमतं घे असं मी म्हणत नाही. तळघरातल्या फायलींत परत गेलेले अर्जच असतील ना? मग बांधता बांधता ते मोज. आणि हेडक्लार्कला एकदा नीट विचार, शून्य लिहायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं? तोही कधीतरी नवा असेलच की.

आता पैशाचं. दोन वर्षांच्या आत सोडलंस तर प्रशिक्षणाचे अठ्ठेचाळीस हजार भरायचे, असा करार तू सही करून बसलीस. तेवढे पाठव म्हणतेस. कसं लिहिलंयस, जणू दुकानातून वही मागवतेस. मी असा भडकलो की तीन दिवस पेन हातात धरलं नाही. चौथ्या दिवशी माझं इथलं पहिलं वर्ष आठवलं. कंत्राटदाराने माझे सगळे कागद कुलपात ठेवले होते. निघायचं म्हटलं तरी निघता येत नव्हतं. त्या वर्षी मी काम नाही केलं चिमणे, नुसते दिवस ढकलले. त्या पहिल्या दिवसानंतर कुणाचा क्लॅम्प ढिला आहे की घट्ट, ढुंकून पाहिलं नाही.

आणि खरं सांगायचं तर माझा राग राजीनाम्याचा नव्हताच. तू तीन वर्षांची असताना आपण गल्लीच्या वरच्या टोकाला राहायचो. खोलीत नळ नव्हता. आईने अर्ज केला. तिला लिहिता येत नव्हतं, मी चौथीत होतो, म्हणून रकाने मी भरले. सातव्यापाशी अडलो. आई म्हणाली, आपल्याकडे नाही ना, मग सोड कोरा. अर्ज पाच वेळा परत आला. पाचव्यांदा आई जिन्यावरच मला म्हणाली, तुला साधा कागद भरता येत नाही. मग दोन वर्षं रोज सकाळी दोन कॅन घेऊन खालच्या नळाच्या रांगेत मी. माझा नंबर लागायचा तेव्हा शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. शेवटी पटावरून नाव काढलं. मला फारसं वाईटही वाटलं नाही. ज्याला कागद भरता येत नाही त्याने शाळेत जाऊन करायचं काय, असंच वाटलं. परवा, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तुझ्या पत्रात वाचलं की तिथे शून्य लिहायचं होतं. हे भिंतीवर लिहून लावणारं अख्ख्या कचेरीत एकच माणूस निघालं, ते माझी बहीण, आणि ती म्हणते मी चालले. आता तू जा नाहीतर राहा. पण बांधून ठेवलंय म्हणून राहू नकोस. आणि जिन्यावरचं आईला सांगू नकोस, ती विसरली असेल.

तुझाच, अजून रागातच असलेला,
दादा

ता. क. पैसे आजच टाकलेत. अठ्ठेचाळीस हजार तुझ्या सुटकेचे. आणि तो कागद पुन्हा लावायचं मनात आलंच, तर आधी हेडक्लार्कची सही घे आणि काचेच्या चौकटीत लाव, म्हणजे कुणाला फाडता येणार नाही. त्या चौकटीचे वेगळे. एकूण अठ्ठेचाळीस हजार सहाशे.