आईनं फ्रिजला विसावा दिला

निपाणी, बुधवार, संध्याकाळ

आज आईवर ओरडले. नको होतं ओरडायला.

कामावरून आले तर फ्रिज बंद, आणि आत आप्पांचं इन्सुलिन! नशीब, अजून गार होतं. आई म्हणते, "त्येचं अंग लई तापलं हुतं गं. म्हटलं, जरा इसावा द्यावा." बाजूच्या पत्र्याला तळवा लावून ताप बघितला म्हणे. लहानपणी आमचा बघायची तसाच.

फ्रिज सुरू केला आणि मग तिला जवळ बसवून सांगितलं. कॉम्प्रेसर नळीतल्या गॅसला दाबतो, म्हणून तो तापतो. ती ऊब पत्र्यातनं बाहेर गेली की गॅसचा द्रव होतो. पुढं बारीक नळीतनं मोकळा सुटला की त्याची परत वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी ऊब तो आतल्या दुधातनं, औषधातनं ओढून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. मला तरी नीट सांगता आलं का, कुणास ठाऊक.

आई म्हणाली, "म्हंजे त्यो गारवा करत न्हाय. आतली ऊब तेवढी भायेर आणतोय. व्हय?"

व्हय. एवढंच तर.

हे लिहीत बसले होते तर आई पुन्हा फ्रिजपाशी. पत्र्यावर तळवा, कितीतरी वेळ. मग माझ्याकडं आली. "डोस्कं दुखतंय न्हवं? लई ओरडलीस." आणि तोच तळवा माझ्या कपाळावर ठेवला.

चांगला कोमट होता. आप्पांच्या औषधातली ऊब.