अहो, ट्रॅक्टर देऊन टाकला

अहो संदीपचे बाबा,

'प्रिय' लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. जन्मभर नुसत्या 'अहो'वर भागलं, आता कुठं ते प्रिय! पण आज लिहायलाच हवं. सकाळी तुमचा ट्रॅक्टर गेला. भंगारवाल्यानं साखळीनं ओढून गाडीवर चढवला आणि करमाडकडं नेला. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून वही घेऊन बसले.

रागावलात ना? रागवा. पण आधी सगळं ऐका. जिवंतपणी माझं एक वाक्य तुम्ही पुरतं ऐकून घेतलं नाही. आता उठून जाल कुठं?

जुनाच घेतला होता तुम्ही तो. मी म्हटलंही होतं, दुसऱ्यानं वापरून टाकलेलं आपल्या दारात कशाला? त्यावर तुमचं उत्तर तयार. "बैल घेतो तवा काय नवा घेतो व्हय? दात बघायचे, घ्यायचा अन् जपायचा." आणि जपलात, हे मी नाकारत नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला लोक बैलांची खांदेमळणी करायचे आणि तुम्ही ट्रॅक्टरची! बॉनेटला हळद-लोणी चोळायचात, त्याच्यापुढं हात जोडून म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." सगळी आळी हसायची. मी पण हसायचे आणि आतून थोडी जळायचे. इतक्या आर्जवानं मला कधी जेवायला बोलावलंत का हो?

पण त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत, हे तुमचं चुकलंच. संदीप शेंद्र्याच्या कंपनीत एवढाल्या मशिनी चालवतो, आणि घरच्या ट्रॅक्टरवर त्याला बसायची चोरी. कधी दिलाच, तर बांधापर्यंत. तेही तुम्ही मडगार्डवर बसून दहा सूचना देणार. "त्याची खोड मला ठावं, तुला न्हाय," असं म्हणायचात. अहो, मग ती खोड लेकाला सांगून ठेवायची कुणी?

चैत्रात दुपारचं जेवून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. सांगायला वेळ मिळाला नाही, हे मला कळतं. पण त्याआधीची सगळी वर्षं होती की.

यंदाची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली, तुमच्याला कुणी हात लावला नाही. पोळ्याला मात्र संदीपनं सुट्टी काढली. सून म्हणाली, राहू द्या यंदा, दुःखाचं वर्ष आहे. तो ऐकेना. "बाबाचा नेम म्या मोडणार नाय," म्हणाला. तुमच्यासारखीच खांदेमळणी केली, तेच शब्द म्हटले. म्हणताना त्याचा आवाज फुटला तेव्हा मी चुलीपुढं जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं डिझेल बघितलं, ऑइल बघितलं, झेंडूची माळ घातली आणि ट्रॅक्टर मारुतीच्या देवळाला फेरी घालायला काढला. पाणी मात्र त्यानं बघितलं नाही. बघणार कसं? लोकांच्या ट्रॅक्टरमध्ये पाणी असतंच. आपला रेडिएटर गळका, तो दुरुस्त करायचा सोडून तुम्ही रोज सकाळी विहिरीवरून हंडा आणून भरायचात आणि काम संपलं की खालची तोटी सोडून कोरडा करून ठेवायचात. मीही बघत होते, पण मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा तर कधीचाच मेलेला.

देवळापाशी पोचेपर्यंत इंजिनातून धूर. संदीप घाबरला. समोरच्या घरातला हंडा उचलला आणि तापलेल्या इंजिनावर भडाभडा गार पाणी ओतलं. ठण्णदिशी आवाज झाला तो मला बायकांच्या घोळक्यात ऐकू आला. वाजंत्रीवालेसुद्धा थांबले.

हमीदभाई मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खोलून पाहिलं, हात पुसले आणि माझ्याशीच बोलला, संदीपकडं बघितलं नाही. "भाभी, झूठ नहीं बोलूंगा. इंजिन का ब्लॉक फट गया. बना दूंगा, मगर भरोसा मत रखो."

ठेवायचा की द्यायचा? मी दोन्ही बाजूंनी विचार केला, खरंच केला. घरचा ट्रॅक्टर असला की वापसा साधता येतो. पाऊस उघडला, जमीन हाताला नीट लागली, की त्याच दिवशी पेरणी. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत रान कडक होतं. हे तुमचंच म्हणणं, आणि ते बरोबर. पण मागचे टायर गुळगुळीत, लिफ्ट नांगर उचलून धरेना, आणि आता हे. तुम्ही असता तर पुन्हा उभा केला असता, कारण तो तुमच्या हाताखाली चालायचा. आमच्या हाताखाली तो चालणारा नव्हता.

संदीप मात्र हट्टाला पेटला. "आई, म्या बनवीन त्याला. कायबी होऊ दे." पैशासाठी कंपनीत जादा पाळ्या करायला लागला. घरी आला की न जेवता ट्रॅक्टरपाशी जाऊन बसायचा. एकदा मी ताट घेऊन तिथंच गेले, तर म्हणाला, "बाबानं इतकी वर्षं सांभाळला अन् म्या एका दिसात मारला गं." चाळिशीला आलेलं माझं लेकरू, गुडघ्यात तोंड घालून रडत होतं. तेव्हा मला लख्ख कळलं. ट्रॅक्टर दारात उभा राहिला तर हा रोज उठून आपली चूक बघणार. दुरुस्त झाला तरी बघणार, नाही झाला तरी बघणार.

म्हणून मी खोटं बोलले.

"येड्या," म्हटलं, "तुझे बाबा पाडव्यालाच मला म्हनले व्हते, ह्याचं आता भरत आलंय, हा हंगाम झाला की देऊन टाकू." त्यानं मान वर केली. "खरंच म्हनले?" मी म्हटलं, "मंग! तुला सांगायचं राहिलं बघ." त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग ताट पुढं ओढलं आणि पोटभर जेवला. भंगारवाल्याला फोन त्यानंच केला.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. म्हणालाही नसता. मग संदीपला तुम्ही माफ केलं असतं का? मी रोज स्वतःला विचारते. मनात शंभरदा 'हो' म्हणते, पण छातीठोक सांगता येत नाही, आणि तेच फार लागतं हो. एवढा संसार केला तुमच्याबरोबर, आणि एवढंही मला पक्कं ठाऊक असू नये?

आता शब्द देते. माझ्याजवळ जे काही ठाऊक आहे, मोटर कधी अडते, बियाणं कशात टिकतं, कुणाशी कसं बोलायचं, ते सगळं लेकाला आणि सुनेला सांगून मगच येईन. आणि ते खोटं शेवटपर्यंत मोडणार नाही. तिथं भेट झाली की ट्रॅक्टरवरून हवं तेवढं भांडा माझ्याशी, मी एका शब्दानं उलट बोलणार नाही. तोवर संदीपच्या स्वप्नात आलात, तर एवढं करा. "मी म्हनलो व्हतो," असं त्याला सांगा.

तुमची,
संदीपची आई